शाळा गडग्यापलीकडे ३०० मीटर, रस्त्याने अडीच किलोमीटर. हे आमच्याकडेच की सगळीकडे?

सड्यावरचा_बिऱ्हाडकरू

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

चार वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या बाहेर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, प्लॉट घेऊन घर बांधलं. बिनशेती झालेला, मंजूर लेआउट, कागद सगळे चोख, बँकेच्या वकिलानेपण पास केले. आजूबाजूला तेव्हा नुसता कातळ आणि करवंदाच्या जाळ्या, आता चारी बाजूंनी प्लॉटिंग झालंय आणि घरं उभी राहिलीत. वस्ती वाढली याचं दुःख नाही, दुकान आलं, दूधवाला वर यायला लागला, चांगलंच आहे.

पण गंमत बघा. मुलगा तिसरीत आहे, त्याची शाळा आमच्या मागच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपण हो) दोन लेआउट सोडून. गच्चीवर उभं राहिलं की शाळेची घंटा ऐकू येते, मधल्या सुट्टीतला कालवा ऐकू येतो. मोबाईलवर सरळ रेषेत मोजलं तर ३०० मीटर भरतात. आणि जायचं कसं, तर आमच्या लेआउटच्या गेटातून उतरून मेन रोडला, तिथून उजवीकडे ट्रक-डंपरच्या गर्दीतून, मग पेट्रोल पंपाच्या पुढे परत वळून वर चढायचं, मग शाळेच्या बाजूच्या लेआउटचा रस्ता. स्कूटीच्या मीटरवर अडीच किलोमीटर. रोज चार फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर नुसती शाळा, ती पण तीनशे मीटरवरची!! बायको म्हणते यापेक्षा पोराला गडग्यावरून पलीकडे दिला तर सोपं.

तिन्ही लेआउटचे रस्ते एकमेकांच्या दिशेने येतात आणि शेवटच्या प्लॉटपाशी जांभ्याच्या कंपाउंडला टेकून थांबतात. मधे फक्त दीड फूट जाडीची भिंत. रस्ता इकडेपण आहे, तिकडेपण आहे, मधला जोडच नाही.

बिल्डरला विचारलं तर म्हणाला माझी हद्द तिथे संपली. पंचायतीत विचारलं तर लेआउट मंजूर आहेत, आम्ही काय करणार.

याच्या उलट खाली गावात. राम आळीत शिरा, पाहिजे त्या बोळातून गोखले नाक्याकडे निघा नाहीतर धनजी नाक्याकडे, एक वाट तुंबली तर दुसरी आहेच. तो भाग कोणी इंजिनियरने आखलेला नाही, तरी जोडलेला. आणि आमचा मंजूर नकाशावाला भाग मात्र तुटक. हे कसं काय? गावं वाढताना सगळीकडे असंच होतं का, का आपल्याकडेच कोणी लक्ष देत नाही? आणि आता काही करता येतं का?

---

तिठा_चौक

दादा, मी मूळचा गुहागरचा, पुण्यात टाउन प्लॅनिंगच्या ऑफिसात नकाशे रंगवायचं काम करतो. तुमचा प्रश्न म्हणजे आमच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी आहे. थोडक्यात उत्तर: नाही, फक्त तुमच्याकडे नाही. जगभर शहरं वाढताना रस्ते तुटकच होत गेलेत आणि लोकांनी ते मोजलंय सुद्धा.

मोजतात कसं ते आधी सांगतो कारण ते तुम्ही घरी करू शकता. रस्ता जिथे संपतो किंवा दुसऱ्याला मिळतो ती जागा म्हणजे एक गाठ. गाठीतून किती वाटा निघतात ते मोजायचं. बंद टोक असेल तर १, तिठा असेल तर ३, चौक असेल तर ४. सगळ्यांची सरासरी काढा. नुसत्या चौकांची जाळी असेल तर आकडा चारकडे जातो. झाडाच्या फांद्यांसारखं असेल, म्हणजे एक खोड, त्याला फांद्या आणि प्रत्येक फांदीचं टोक बंद, तर दोनच्याही खाली येतो. दुसरं माप तुम्ही आपसूकच काढलंय, रस्त्याचं अंतर भागिले सरळ अंतर. २५०० भागिले ३०० म्हणजे आठ पटीच्या वर. जुन्या पेठेत तुम्हाला दीड पटसुद्धा क्वचित मिळेल.

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल असे दोन संशोधक आहेत, त्यांनी २०१५ मधे अमेरिकेच्या शंभर वर्षांच्या रस्त्यांचा हिशेब मांडला. तिथे विसाव्या शतकात नवीन बांधलेले रस्ते दशकामागून दशक तुटक होत गेले, १९९४ च्या आसपास कळस झाला आणि त्यानंतर नवीन वस्त्या परत थोड्या जोडलेल्या व्हायला लागल्या. मग २०२० मधे त्याच दोघांनी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशाच्या डेटावर सगळ्या जगाचं तेच केलं, १९७५ च्या आधीचे रस्ते, मग ९० पर्यंतचे, २००० पर्यंतचे, त्यानंतरचे, असे थर लावून. एकूण जगाचा कल तुटकपणाकडेच. लॅटिन अमेरिकेत बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिना असे देश उभ्या-आडव्या रस्त्यांच्या चौकटीची सवय धरून आहेत, पण आग्नेय आशियात गेटवाल्या वसाहतींनी पार बट्ट्याबोळ केलाय.

आता का होतं. अमेरिकेत ते मुद्दाम झालं. न्यू जर्सीत १९२९ ला रॅडबर्न नावाची वसाहत वसवली, गाड्यांपासून मुलांना वाचवायचं म्हणून घरांसमोरचे रस्ते बंद टोकाचे ठेवले. पुढे घरांच्या कर्जाला हमी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने तीसच्या दशकात तीच पद्धत चांगली म्हणून पुस्तिकांत छापली, कर्ज पाहिजे तर तसा लेआउट करा, झालं, बिल्डर लोक तसेच करायला लागले.

आपल्याकडे कोणी मुद्दाम केलेलं नाही, म्हणून जास्त राग येतो. आपल्याकडे प्रत्येक सातबाऱ्याचा आपापला लेआउट. मालक आपल्या जमिनीत जास्तीत जास्त प्लॉट बसतील असा रस्ता आत नेतो, शेवटच्या प्लॉटपर्यंत पोचला की त्याचं काम झालं. शेजारच्या हद्दीपर्यंत रस्ता उघडा सोडायचा तर एका प्लॉटचा तुकडा जातो, म्हणजे लाखोंचं नुकसान, आणि फायदा कोणाला, तर शेजाऱ्याला! कोण करणार? मंजुरी देणारा पण एक फाईल एका वेळी बघतो. प्रादेशिक योजनेत मोठे रस्ते आखलेले असतात, आतले बारके जोड कोणाच्याच नकाशात नसतात. वरून मोकळ्या जागेचा नियम आहे, ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, त्यामुळे बरेच जण एकराच्या जरा आतच तुकडा पाडतात. म्हणजे अजून बारके लेआउट, अजून बंद टोकं.

ज्यांचे नातेवाईक दादर-माटुंग्याला आहेत त्यांनी आठवून बघा, हिंदू कॉलनीच्या गल्ल्या कशा एकीला एक समांतर आणि दोन्हीकडून उघड्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने आधी जमीन एकत्र घेतली, रस्ते आखले, मग प्लॉट पाडले. पार्ले-सांताक्रूझला १९१५ च्या कायद्याखाली नगररचना योजना झाल्या, तिथेपण सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते काढून उरलेले प्लॉट मूळ मालकांना परत. आधी रस्ता मग प्लॉट. आपण उलटं करतो.

आणि एकदा झालं की झालं. घर पडतं, परत बांधतात, रस्ता मात्र हलत नाही. १६६६ ला लंडन जळलं, अख्खं गाव मोकळं झालं होतं, क्रिस्टोफर रेनने रुंद सरळ रस्त्यांचा नवा नकाशा करून दिला, तरी लोकांनी आपापल्या जुन्या हद्दी धरूनच परत बांधलं. म्हणून म्हणतो चार वर्षं म्हणजे फार उशीर नाही, पण अजून चार गेली की होईल.

---

मोगरा_वहिनी

सगळं खरं असेल पण दुसरी बाजूपण ऐका. आम्ही दापोलीजवळ राहतो आणि आमचा रस्ता बंद टोकाचा आहे आणि मी देवाला रोज हात जोडते की तो बंदच राहू दे!

मे महिन्यात आणि ३१ डिसेंबरला इथे काय होतं ते इथल्या लोकांना विचारा. मेन रोड तुंबला की मॅप बघून पर्यटकांच्या गाड्या मिळेल त्या गल्लीत घुसतात. आमच्या शेजारची आळी दोन्हीकडून उघडी आहे, तिथे गेल्या वर्षी अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांवरून गाडी रिव्हर्स घेतली एकाने, वर विचारतो बीच किती लांब. आमच्या गल्लीत पोरं संध्याकाळी रस्त्यावर क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसं रस्त्यातच खुर्च्या टाकून बसतात, अनोळखी माणूस आला की लगेच कळतं. जोडला रस्ता की हे गेलं. तुमचा अडीच किलोमीटरचा त्रास कळतो मला, पण दोन लेआउट जोडले तर मेन रोडवरचे तेच डंपर तुमच्या दारातून जातील, तेव्हा याच धाग्यावर येऊन रडाल 🙂

---

तिठा_चौक

वहिनी, अगदी बरोबर बोललात आणि यावर उत्तर आहे. रॅडबर्नचं मी अर्धंच सांगितलं. तिथे गाडीचा रस्ता बंद होता पण घरांच्या मागच्या बाजूला पायवाटा होत्या, त्या बागेतून शाळेपर्यंत जात होत्या, रस्त्याखालून बोगदासुद्धा होता. पुढे नक्कल करणाऱ्यांनी बंद टोक तेवढं उचललं आणि पायवाट सोडून दिली, कारण पायवाटेतून प्लॉट विकला जात नाही.

नेदरलँड्समधे हाउटेन म्हणून गाव आहे, तिथे गाडीने एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर बाहेरच्या रिंग रोडवर जाऊनच यावं लागतं, पण सायकल आणि चालणारा माणूस मधून सरळ जातो. म्हणजे गाडीला लांबचा वळसा, माणसाला जवळची वाट. आपण बरोब्बर उलटं करून ठेवलंय, गाडीला वळसा चालतो कारण पेट्रोल घातलं की झालं, आणि चालणाऱ्याला तोच वळसा घालायला लावतो, मग तो चालतच नाही, स्कूटी काढतो.

आणि डंपरचं म्हणाल तर मेन रोड एकच आहे म्हणूनच सगळं त्याच्यावर आहे. भाजीला जाणारी, शाळेत जाणारी, डंपरवाला, कोल्हापूरला निघालेली एसटी, सगळी एकाच नळीतून. कॅलिफोर्नियातल्या २४ मध्यम शहरांचा अभ्यास झालाय, जिथे चौक-तिठे दाट तिथे जीवघेणे अपघात कमी. गर्दीच्या चौकात टक्कर होते पण वेग कमी असतो, माणूस सहसा मरत नाही.

---

कुडाळचो_झील

मी कुडाळचो. वाचून मजा इली. आमच्याकडे पण ह्याच चाललासा, खयचो रस्तो खय जाता ता प्लॉट इकणाऱ्याक पण म्हायत नाय.

पण एक इचारतंय, ह्या चौकटी-बिकटी आपल्या कोकणात कशी बसतली? हय सपाट जमीन खय आसा? एका बाजूक व्हाळ, दुसऱ्या बाजूक डोंगार, मधी मळो. सरळ रेघ मारलास तर पावसात रस्तो व्हाळात जातलो. आमच्या वाडीत रस्तो वाकडोतिकडोच आसा पण आजोबा अर्ध्या तासात चार वाड्यो फिरान येयत. व्हाळावर साकव होतो, पायऱ्यांची पाखाडी होती. आता साकव मोडलो, डांबरी रस्तो इलो, आनी पलीकडच्या वाडीत जावक रिक्षा लागता.

---

तिठा_चौक

झिला, लाखातलं बोललास. जोडलेलं म्हणजे चौकटच असं काही नाही. आमच्या गुहागरला बघ, गाव लांबच लांब, एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, वरचा पाट नि खालचा पाट असे गावाचे दोन भाग. नकाशात बघितलं तर एकच रेघ, कोणी म्हणेल अगदीच वाईट जोडणी. पण घराघरांमधून आगरातून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटा आहेत त्या नकाशात येतच नाहीत. मापणाऱ्यांची ही एक अडचण आहेच, त्यांचे आकडे बहुतेक गाडीच्या रस्त्यांचे असतात. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल यांनीच २०१७ ला अंदाज काढला होता की ओपनस्ट्रीटमॅपमधे जगातले ८० टक्क्यांहून जास्त रस्ते आलेत, पण पाखाडी त्यात कोण भरणार? मी सुट्टीत आलो की आमच्या वाडीतल्या दोन-चार भरून जातो, आई म्हणते गावी येऊनपण मोबाईलच बघतोस.

कोकणची जुनी जोडणी पायाची होती. डांबर आलं ते गाडीसाठी, आणि डांबर आलं की लोकांनी पायवाटेला कुंपण घातलं. शहर वाढलं म्हणजे रस्ते वाढले असं आपण धरतो. रस्ते वाढले, वाटा कमी झाल्या.

---

साखळी_सोळा_आणे

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त. मोजणीत तीस वर्षं गेली, त्यातली बरीच या सड्यांवरच उन्हातान्हात. चौक साहेबांनी परदेशातलं सांगितलं, मी तुम्हाला टेबलावरचं सांगतो.

बिऱ्हाडकरू, पहिलं काम, तुमच्या गावाचा गाव नकाशा काढा. लेआउटचा नाही, गावाचा. त्यावर तुटक रेषा दिसतील. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक म्हणजे गाडीमार्ग. पायमार्ग ८.२५ फूट, गाडीमार्ग १६.५ ते २१ फूट. हे सव्वाआठ कुठून आलं असं पोरं विचारायची. जुनी शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. चार आणे साखळी म्हणजे सव्वाआठ फूट, आठ आणे म्हणजे साडेसोळा. दोन माणसं डोक्यावर भारा घेऊन समोरासमोर आली तर चार आण्यात आरामात जातात.

आता होतं काय, जमीन बिनशेती होऊन लेआउट पडतो तेव्हा आर्किटेक्ट फक्त गटाची हद्द घेतो, त्यातून जाणारी तुटक रेषा त्याच्या नकाशात बऱ्याच वेळा उतरतच नाही. कोणी खोडली नाही, कोणी रद्द केली नाही, फक्त उतरवली नाही. मूळ नकाशात ती तशीच असते. सड्यावर तर अशा वाटा हमखास असत कारण गुरं चरायला वर जात आणि खालच्या वाड्यांतली माणसं कातळावरून पलीकडच्या गावात जात.

सापडली तर काय. शेतजमिनीतली वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५, तहसीलदाराकडे अर्ज, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमच्याकडे जमीन बिनशेती आणि भिंती जुन्या, त्यामुळे तो कायदा तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटत नाही. सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारख्या हक्कांचा, १८८२ चा कायदा आहे, वीस वर्षं उघडपणे वहिवाट असेल तर हक्क सांगता येतो, पण तो खालच्या वाडीतल्या जुन्या माणसांना सांगता येईल, तुम्ही चार वर्षांचे. आणि दिवाणी दावा लावलात तर पोरगा तोवर कॉलेजात जाईल.

म्हणून माझा अनुभवाचा सल्ला, नकाशा घ्या, हातात कागद असला की माणसं वेगळं बोलतात, आणि तो कागद घेऊन कोर्टात नाही, शेजाऱ्याच्या पडवीत जाऊन बसा. गाडीरस्ता मागू नका. गाडीरस्ता म्हटलं की माणूस प्लॉटची किंमत मोजायला लागतो. चालायची वाट मागा. दोन्हीकडे लेआउटची मोकळी जागा असेल तर अजून सोपं, ती कोणा एकाची नसते.

---

मांडवा_लाँच

अलिबागकडून थोडीशी भर. आमच्याकडे तर याच्यापुढची पायरी आहे. फार्महाउसवाले दहा गुंठे, वीस गुंठे घेतात, आत जायला खाजगी रस्ता, त्याला गेट, गेटवर वॉचमन. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, २१.८ किलोमीटर, तेव्हापासून तर दलालांना झोप नाही. आमच्या गावात तळ्यावर जायची जुनी वाट होती ती आता तीन गेटांच्या मागे आहे. तळं गावाचं, वाट गेटाची!

घ्यायच्या आधीच बघायला हवं असतं हे सगळं, पण आपण काय बघतो, सातबारा, बिनशेती ऑर्डर, पाणी आहे का, आणि समोर रस्ता किती फुटी. रस्ता पुढे कुठे जातो हे कोणी विचारत नाही. मी आता नातेवाइकांना सांगतो की प्लॉट बघायला गेलात की गाडी गेटाबाहेर लावा आणि दुकानापर्यंत, शाळेपर्यंत, एसटीच्या थांब्यापर्यंत पायी चालत जाऊन या, दुपारी बारा वाजता. उत्तर आपोआप मिळतं.

---

सड्यावरचा_बिऱ्हाडकरू

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे आभार.

आधी गाठी मोजल्या. पोराला रविवारी सोबत घेतलं, तो वहीत काढत होता. आमच्या तिन्ही लेआउट मिळून १४ गाठी, त्यातली ९ बंद टोकं, ४ तिठे आणि एकच चौक, तोपण पाण्याच्या टाकीभोवती. सरासरी १.७९. चौक साहेब, तुमचं झाड निघालं आमच्याकडे! पोराने प्रत्येक बंद टोकाला काय आहे ते लिहिलंय, "भिंत, भिंत, कुत्रा, भिंत, वाळूचा ढीग, भिंत, भिंत, आंबा, भिंत".

त्या आंब्यावरच गाडी येऊन थांबली. साखळी काकांच्या सांगण्यावरून गाव नकाशा काढला आणि खरंच, एकेरी तुटक रेषा आहे, खालच्या वाडीतून वर येऊन आमच्या लेआउटच्या मोकळ्या जागेतून पुढे शाळेच्या अंगाने पलीकडच्या गावात जाते. हात थरथरला माझा. मधल्या लेआउटमधे ती जिथून जाते तिथे एका निवृत्त काकांचा कोपऱ्यातला प्लॉट आहे, हापूसची तीन कलमं लावलीत त्यांनी.

पहिल्या दिवशी गेलो तर गेटातूनच बोलले, वाट-बिट काही नाही, सगळं मंजूर आहे. दुसऱ्यांदा बायको आणि पोरगा गेले, मी गेलोच नाही. काकूंनी आत बोलावलं, कोकम सरबत दिलं आणि नकाशा चष्मा लावून स्वतः बघितला. मग काकूच म्हणाल्या की त्या लहान असताना माहेरी जायला सड्यावरून अशीच वाट होती, खालच्या वाडीतल्याच निघाल्या त्या! काका तरी दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला, अटी अशा: स्कूटी-सायकल काही नाही, फक्त पायी, संध्याकाळी सातनंतर बंद, कलमांना हात लावायचा नाही, आणि स्टँपपेपरवर काही नाही, मनात आलं तर बंद करीन. वहिनी, तुमचं नाव काढलं मी, की गाडी येणार नाही म्हणून.

पलीकडच्या लेआउटची भिंत अजून बाकी आहे. तिथल्या सोसायटीत पंधरा घरं, त्यातल्या नऊ जणांची मुलं आमच्याच शाळेत, पण शाळा त्यांच्या बाजूलाच, त्यामुळे त्यांचं म्हणणं उलट आहे, त्यांना आमच्याकडच्या दुकानात यायचंय. दोघे जण नाही म्हणतायत, चोर येतील म्हणून. पुढच्या रविवारी मीटिंग आहे. तोपर्यंत पोरगा काकांच्या अंगणातून जातो आणि शेवटच्या भिंतीला दोन्हीकडून तीन-तीन चिरे रचून पायऱ्या केल्यात, मी इकडून चढवतो, पलीकडे शाळेचे शिपाईमामा उतरवून घेतात. घड्याळ लावलं, दारापासून सहा मिनिटं.

---

मोगरा_वहिनी

अहो चिऱ्यांना पावसात शेवाळ धरतं, पोरं घसरतील. मीटिंगच्या आधी त्या पायऱ्यांना लोखंडी ब्रशने घासून घ्या आणि आधाराला एक काठी बांधा. बाकी पायी वाटेला माझी ना नाही 🙂

---

साखळी_सोळा_आणे

छान काम. पलीकडच्यांनी भिंत फोडायला हो म्हटलं तर फट किती ठेवणार?

---

सड्यावरचा_बिऱ्हाडकरू

काका, सोसायटीवाले अडीच फूट म्हणतायत. स्कूटी जाऊ नये म्हणून.

---

साखळी_सोळा_आणे

अडीच फूट म्हणजे सव्वा आणा. स्कूटी त्यातूनही काढतील पोरं, आणि छत्री उघडून आलेली बाई मात्र अडकेल. भिंत चार फूट फोडा आणि त्यात बेडं बसवा, आडव्या काठ्यांचं. माणगा बांबूच्या काठ्या घ्या, जाड्या बघून, खालची काठी गुडघ्याच्या खाली ठेवा. वरच्या दोन सरकवून माणूस आत जातो, खालची ओलांडतो. गुरं अडतात, स्कूटी पण अडते. नकाशाची एक प्रत मीटिंगला न्या आणि लॅमिनेट करून न्या, चहा सांडतो.